डबल मोटरचा सोळा लिटरी पंप पाठीवर घेण्याआधी

कृषी केंद्रात फवारणी पंप दाखवायची एक ठरलेली रीत आहे. दुकानदार टाकीत बादलीभर पाणी ओततो, बटण दाबतो आणि नोझल रस्त्याकडे करून धार सोडतो. धार पलीकडच्या टपरीपर्यंत पोचली की सौदा अर्धा पटला. ‘भाऊ, डबल मोटर न्या, प्रेशर तर पाहा!’ घेणारा वावराचा मालक असतो. तो प्रेशर पाहतो, बॅटरी किती अँपिअरची ते विचारतो, दोनशे रुपये कमी करून घेतो आणि पंप मोटरसायकलला बांधून गावाकडे निघतो. जो माणूस जुलै ते ऑक्टोबर हा पंप रोज पाठीवर घेणार, तो त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारा मारत असतो. त्याला कुणी विचारत नाही. इथे पंप त्याच्या बाजूने तपासला आहे, आणि त्याच्या बाजूने पाहिलं की या पंपाचे गुण-दोष बरेचसे उलटेपालटे होतात.

वस्तू ओळखीचीच आहे. प्लास्टिकची सोळा लिटरची टाकी, बुडाशी डबा, डब्यात 12 व्होल्ट 8 अँपिअर-तासांची बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी, शेजारी दोन छोट्या डायफ्राम मोटरी, बाहेर चालू-बंदचं बटण, वेग कमी-जास्त करायचा नॉब, चार्जिंगची पिन, आणि जरा बऱ्या मॉडेलवर व्होल्टमीटर. सोबत पाइप, ट्रिगर, स्टीलची लान्स (हातात धरायची लांब नळी) आणि पिशवीत तीन-चार नोझल. नावं दहा, साचा बहुधा एकच. किंमत साधारण अडीच ते साडेचार हजार. 2024 मध्ये कापूस-सोयाबीनच्या विशेष कृती योजनेत महाडीबीटीवर अर्ज मागवून शंभर टक्के अनुदानावर बॅटरी पंप दिले गेले, त्यामुळे ज्या घरात काल-परवापर्यंत दांड्याचा हातपंप होता तिथेही आता बॅटरीचा आला आहे.

आधी वजन. रिकामा पंप सहा किलोच्या आसपास, त्यात एकट्या बॅटरीचेच सव्वादोन-अडीच. भरला की बावीस किलो. वाढलेल्या कपाशीला एकरी 200 लिटर पाणी धरलं तर साडेबारा पंप होतात. तास, म्हणजे पिकाच्या ओळी, चार फुटांवर असतील तर एका एकरात चालणं होतं सव्वातीन किलोमीटरच्या वर, तेही चिखलात, पायाला चिकटणाऱ्या काळ्या मातीत. शिवाय ड्रमपासून तासापर्यंतच्या खेपा वेगळ्या. बाकी कुठलंही गणित मांडण्याआधी हे मांडावं, कारण टाकी वीस लिटरची घेतली तर खेपा कमी होतात एवढंच दुकानात सांगितलं जातं. चार किलो वाढतात ते खांद्याला कळतं. वीस लिटरची टाकी भरून ती धुऱ्यावरून (बांधावरून) उचलून एकट्याने पाठीवर घेता येत नाही, दुसरा माणूस लागतो. तो नसला की मजूर ती पंधरापर्यंतच भरतो. मग वीसची घेऊन मिळवलं काय?

आता प्रेशर. एका छिद्राचं हॉलो कोन (गोल फवाऱ्याचं) नोझल लावलं तर मिनिटाला सुमारे 700 मिली पाणी पडतं. म्हणजे सोळा लिटरला तेवीस मिनिटं. त्या वेळात माणूस 265 मीटर तास चालतो, झाडागणिक हात दोन्ही बाजूंना फिरवतो, पानाची खालची बाजू ओली करतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी तिथेच बसलेली असते, तेव्हा फवाऱ्याची ही खरी चाल. डबल मोटरला चार छिद्रांचं नोझल लावून नॉब पूर्ण फिरवला की मिनिटाला अडीच लिटरच्या पुढे जातं. तीच टाकी सहा मिनिटांत रिकामी. 265 मीटर सहा मिनिटांत म्हणजे वावरातून साधं चालत जाण्याचा वेग, झाडापाशी थांबायला सवडच नाही. औषध शेंड्यावर आणि मधल्या मातीवर पडतं, खालची पानं कोरडी राहतात. आठ दिवसांनी मालक म्हणतो, औषधच डुप्लिकेट निघालं.

मजूर घाई का करतो, हे समजायला मजुरीचा हिशेब पाहावा लागतो. बऱ्याच गावांत फवारणीचा भाव दिवसावर नसतो, पंपामागे असतो. हातपंपावर दिवसभर दांडा मारून जेवढे पंप व्हायचे, त्याच्या दुप्पट डबल मोटरवर होतात. दांडा मारणारा डावा खांदा सुटला, हातात पैसे जास्त आले, आणि दुपारच्या आत घर गाठता येतं. त्यामुळे डबल मोटर आली तेव्हा मजूर खूश झाला, आणि तो खूश होणं बरोबरच होतं. फक्त दुप्पट पंप म्हणजे दुप्पट वेळा टाकी भरणं, दुप्पट वेळा औषध मोजणं, दुप्पट वेळा झाकण उघडणं. विष अंगावर येतं ते बहुतांशी याच क्षणांना. मालकाने भाव एकरावर ठरवला आणि नोझल एका छिद्राचं ठेवायचं असं आधीच बोलून घेतलं, तर याच पंपावर काम नीट होतं. नॉब अर्ध्यावर ठेवावा. धार लांब जाते ती प्रेशरने, आणि त्याच प्रेशरने थेंब फुटून धूर होतो. धूर झाडावर बसत नाही, वाऱ्यावर जातो. वारा समोरचा असेल तर येतो तो माणसाच्या तोंडावरच.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यांत होते. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर धरून मारायचा, म्हणजे पडणारा प्रत्येक थेंब स्वतःच्या मानेवर, दंडावर. त्यात घाम, ओले कपडे, औषधांची सरमिसळ आणि जोरात मारणारे नवे पंप. पंप एकटा दोषी नव्हता. पण कमरेएवढ्या पिकासाठी ठीक असलेलं प्रेशर डोक्यावरच्या पिकात काय करतं, ते त्या वर्षी दिसलं. पऱ्हाटी छातीच्या वर गेली की लान्स वर करून मारण्यापेक्षा शेंडा खुडलेला परवडतो, आणि मारायचंच तर वाऱ्याला पाठ किंवा बाजू देऊन, फवारलेल्या तासात न शिरता, आडवं मागे सरकत मारावं.

पंपाची खरी परीक्षा तीन ठिकाणी होते: झाकण, पट्टे, ट्रिगर. तिन्ही स्वस्तातले भाग, त्यामुळे कंपनीची काटकसर पहिल्यांदा तिथेच होते.

झाकणात दोन गोष्टी असतात. कडेला रबराची रिंग आणि मध्ये हवा आत घेणारा छोटा वॉल्व्ह. रिंग कडक झाली किंवा आट्यावर नीट बसली नाही, की मजूर वाकला रे वाकला औषध मानेवरून पाठीत उतरतं. कापड आधीच घामाने ओलं, त्यामुळे कळतही नाही, कळतं ते संध्याकाळी पाठ चुणचुणते तेव्हा. वॉल्व्ह गाळाने बुजला तर उलटं होतं, टाकीत हवा जात नाही, टाकीचे गाल आत जातात, मोटर ओरडते आणि धार तुटते. मजूर मग झाकण सैल करून काम चालवतो, आणि पुन्हा पाठ भिजते. दुकानात धार पाहण्याऐवजी हे करावं: टाकी साध्या पाण्याने काठोकाठ भरायची, झाकण हाताने जेवढं बसतं तेवढंच बसवायचं, पंप पाठीवर घ्यायचा आणि चपलेचा पट्टा लावायला वाकावं तसं वाकायचं. दोन-तीनदा. शर्ट कोरडा राहिला तर पुढचं बोलणं.

पट्टे रुंद आणि आत स्पंज असलेले हवेत, हे सगळेच सांगतात. त्याहून महत्त्वाचा आहे खालचा हूक. प्लास्टिकचा हूक दुसऱ्या हंगामात चिरतो, आणि चिरतो तो भरलेला पंप पाठीवर असताना. बावीस किलो एका खांद्यावरून झटक्यात लोंबकळले की माणूस तासात आडवा. तारेचा किंवा लोखंडी हूक असलेला पंप शंभर रुपये महाग असला तरी तोच घ्यावा. टाकीची पाठीकडची बाजू सपाट आहे की पन्हळीची, तेही हात फिरवून पाहावं. सपाट टाकीखाली घाम साचतो आणि कातडी सोलते.

ट्रिगर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आत एक स्प्रिंग आणि दोन बारीक ओ-रिंगा असतात. इसी प्रकारच्या, म्हणजे पाण्यात टाकली की दुधाळ होणाऱ्या औषधांत जे द्रावक असतं त्याने साधं रबर फुगतं, ट्रिगर जड चालतो, मग मजूर तो कायमचा क्लिपने दाबून ठेवतो. किंवा रिंग झिजते आणि थेंब थेंब औषध मुठीत गळतं. दिवसभर. त्याच मुठीने दुपारी भाकरी खायची आणि त्याच तळहातावर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घ्यायचा. विदर्भात फवारणी आणि खर्रा यांची जोडी तुटता तुटत नाही. तोंडाला चव राहत नाही, वास मारतो, म्हणून खर्रा हवाच असतो. साबण आणि वेगळ्या पाण्याची कळशी धुऱ्यावर ठेवली तर निदान हात धुऊन तो खाल्ला जाईल. ओ-रिंगांची जोडी अगदी किरकोळ किमतीत मिळते. पंपासोबतच चार जोड्या घेऊन ठेवाव्यात आणि हंगामात दोनदा बदलाव्यात, गळण्याची वाट न पाहता.

पाइप जिथे डब्यातून बाहेर येतो तो सांधाही पाहून ठेवावा. ट्रिगर सोडला की पाइपात दाब चढतो आणि प्रेशर स्विच मोटर बंद करतो, ही रचना. स्विच अडकला तर मोटर बंद होत नाही, दाब वाढत जातो आणि उन्हाने मऊ झालेला पाइप सांध्यातून निसटून कमरेवर फवारा करतो. ट्रिगर सोडल्यावर दोन सेकंदांत मोटरीचा आवाज थांबतो का, हे रोज सकाळी साध्या पाण्यावर ऐकावं. सांध्याला कारखान्याची चापाची क्लिप असेल तर ती काढून स्क्रूची स्टील क्लिप लावावी.

नोझल बुजणं हा पंपाचा दोष कमी आणि भरण्याच्या पद्धतीचा जास्त. भुकटीचं औषध थेट टाकीत टाकलं की गुठळ्या तळाला बसतात. आधी मगभर पाण्यात काडीने कालवून, पातळ करून मग ओतावं. नाल्याचं गढूळ पाणी घेतलं की गाळ येतोच, आणि ग्लायफोसेटसारखं तणनाशक तर मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं, म्हणजे कष्टही गेले आणि औषधही. टाकीच्या तोंडाची जाळी बहुतेक पंपांतून पहिल्या आठवड्यातच गायब होते, कारण जाळी असली की भरायला वेळ लागतो आणि भाव पंपामागे असतो. मग नोझल बुजतं, मजूर ते काढतो आणि तोंडाने फुंकतो. हे दृश्य इतकं रोजचं आहे की ते कुणाला खटकत नाही. जाळी परत बसवा, खिशात एक जादा नोझल आणि जुना टूथब्रश ठेवा. तारेने किंवा पिनने टोकरू नका, छिद्र मोठं होतं आणि मग मापाचा भरवसा राहत नाही. पिशवीतलं चपट्या धारेचं नोझल तणनाशकासाठी, गोल फवाऱ्याचं कीड-रोगाच्या औषधांसाठी. बाकीची शोभेची.

बॅटरीबद्दल दुकानदार सांगतो ते तास एक मोटर धरून असतात. एक मोटर साधारण दोन अँपिअर ओढते, 8 अँपिअर-तासांवर हिशेबाने चार तास, प्रत्यक्षात तीन. दोन्ही मोटरी पूर्ण वेगाने चालवल्या की दीड तासाच्या पुढे धार ढिली पडते. व्होल्टमीटर असेल तर भरलेली बॅटरी मोटर बंद असताना 12.6 च्या वर दाखवते. मोटर चालू असताना काटा 10.5 वर आला की थांबावं, त्याखाली ओढत राहिलं तर बॅटरी लवकर खराब होते. चार्जिंगला सहा ते आठ तास. बहुतेक बॅटऱ्या मात्र वापराने मरत नाहीत. दिवाळीनंतर पंप तसाच कोठ्यात टाकला जातो, बॅटरी उतरत उतरत रिकामी होते, प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मृगाला ती चार्जच घेत नाही. महिन्यातून एकदा रात्रभर चार्जिंगला लावली तर तीच दोन-तीन हंगाम जाते.

चार्जिंगचीच आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. वीज घरात, म्हणून पंप घरात येतो. टाकीला औषधाचा वास, पट्टे ओलसर, आणि तो रात्रभर त्याच खोलीत जिथे लेकरं झोपतात. बॅटरी सुटी काढून घरात आणता येते असे मॉडेल मिळतात. बाकी सगळ्या गोष्टींत थोडं डावं असलं तरी असंच मॉडेल घ्यावं.

औषधाच्या मापात हा पंप जुन्या सवयींना गोंधळात टाकतो. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी बहुधा 10 लिटर पाण्याला असतात, टाकी सोळाची. 10 लिटरला 3 मिली म्हटलं असेल तर सोळाला 4.8, म्हणजे पाच, आणि 200 लिटरच्या ड्रमला 60. ड्रममध्येच एकदा मोजून कालवलेलं सगळ्यात बरं, साडेबारा वेळा मोजण्यापेक्षा एकदा मोजणं. टोपणाने मोजू नये, प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं. दुसरी चूक महागात पडते. शिफारशीखाली बारीक अक्षरात ‘पॉवर स्प्रेसाठी मात्रा तिप्पट’ असं असतं. ते पेट्रोलच्या, कमी पाण्यात धुकं उडवणाऱ्या पंपासाठी आहे. बॅटरी पंपालाही गावात ‘पॉवरचा’ म्हणतात आणि तिप्पट औषध टाकीत जातं. बॅटरी पंपाला मात्रा साध्या पंपाचीच. टाकीवर पक्क्या मार्करने लिहून ठेवावं.

हातमोजे, मास्क, ॲप्रन यांची किट पंपासोबत फुकट देतात, ती बहुतेक घरांत खुंटीला दिसते. याला मजुराचा अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पातळ मोज्यात घाम साचतो, ट्रिगरवरची पकड सुटते, कापडी मास्क तासाभरात ओला होऊन औषधच नाकाशी धरतो, आणि सप्टेंबरच्या उन्हात प्लास्टिकच्या ॲप्रनमध्ये माणूस उकडतो. कोपरापर्यंतचे नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट, पाठीवर पंपाखाली कापलेल्या खताच्या गोणीचा प्लास्टिक तुकडा आणि गुडघ्याएवढे गमबूट एवढं तरी वापरात टिकतं. सकाळी सात ते अकरा काम करून उरलेलं चारनंतर.

कामाबद्दल विचारलं तर फवारणीवाले दोन्ही बाजू बोलतात. निंदणापेक्षा पैसे बरे, आणि मान असतो: वावरातलं झाड न् झाड ते जवळून पाहतात, बोंडअळी आधी त्यांच्या नजरेला पडते, ‘यंदा काय मारायचं?’ हे मालकच त्यांना विचारतो. त्याच वेळी संध्याकाळी आंघोळ केली तरी घरात कुणी शेजारी बसत नाही, जेवण उतरत नाही, पोराने हे करू नये असं प्रत्येक जण म्हणतो. ‘चक्कर आली तर घटकाभर बसायचं’ हे तर सरसकट ऐकू येतं. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर, लाळ सुटणं हे बसून जायचं दुखणं नव्हे. कपडे काढून अंग साबणाने धुवायचं आणि औषधाची बाटली लेबलासकट सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. औषध नेमकं कुठलं आणि लेबलावरचा विषारीपणा दाखवणारा तिकोन कुठल्या रंगाचा, हे डॉक्टरला पहिल्यांदा कळायला हवं.

मग घ्यावा कुठला? दोन-तीन एकर असतील आणि घरचाच माणूस मारणार असेल तर सिंगल मोटर, 8 अँपिअर, सुटी बॅटरी. पैसे वाचतात, वजन जरा कमी, आणि पंप मुळात घाई करू देत नाही. मजुरावर दहा-पंधरा एकर असेल तर डबल मोटर ठीक, एका छिद्राच्या नोझलसह, दुसरी बॅटरी सोबत घेऊन. एक मोटर बंद पडली तरी दुसरीवर दिवस निघतो, हा डबल मोटरचा खरा फायदा. बॅटरी आणि दांडा दोन्ही असलेला टू-इन-वन कागदावर छान वाटतो, पण दांड्याचं सिलिंडर आणि मोटर दोन्ही वाहायचं, म्हणजे वजन वाढतं. अस्पीसारख्या जुन्या कंपनीचा दांड्याचा हातपंप घरात असेल तर भंगारात देऊ नका. धुऱ्यावरचं तण आणि परसातली भाजी यांसाठी तो पुरेसा आहे, आणि त्याला वॉशर घरी बदलता येतो.

हातपंप ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे तणनाशक. टू-फोर-डी हे तणनाशक एकदा ज्या पंपातून गेलं, तो पंप कपाशीत आणू नये. पाइपात, वॉशरच्या खाचेत उरलेला अंश पुरतो, आणि कपाशी या औषधाला इतकी हळवी आहे की पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात, शेंडा मुरडतो. लोक रोग समजून आणखी दोन फवारे मारतात. पंप उसना देणं-घेणं गावात चालतंच. परत आलेल्या पंपाने ज्वारीत काय मारलं ते विचारावं. टू-फोर-डी असेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर टाकीत आणि लान्समध्ये भरून ठेवायचं, सकाळी तीनदा साध्या पाण्याने नोझलमधून काढायचं, ते पाणी विहिरीपासून लांब पडीक जागेत ओतायचं, आणि तरीही पहिला पंप कपाशीच्या एका कडेच्या तासावरच मारून चार-पाच दिवस पाहायचं.